यंत्राला परवाना कोण देणार? स्वयंचलित वाहनांचे आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियम

चालकाविना चालणाऱ्या गाडीबद्दल आपण सगळेच अधूनमधून ऐकतो. बातमी बहुतेक वेळा गाडीची असते. कुठली कंपनी, किती कॅमेरे, कुठल्या शहरात टॅक्सी सुरू झाली, वगैरे. आज आपण गाडीकडे जरा कमी आणि नियमांकडे जास्त बघणार आहोत. अशी गाडी रस्त्यावर आणायची की नाही, हे कोण ठरवतं? कशाच्या आधारावर ठरवतं? आणि ते ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आपला रस्ता कितपत आहे?

सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून करूया. आरटीओ. परवाना काढायला गेलं की दुचाकीवाल्याला आठचा आकडा काढून दाखवायला लावतात. चारचाकीवाल्याला रिव्हर्स, वळण, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करणं, एवढं झालं की काम झालं. काही मिनिटांची परीक्षा, आणि त्यावर माणसाला अनेक वर्षं गाडी चालवायची परवानगी. हे धाडस सरकार का करतं? कारण परीक्षा छोटी असली तरी तिच्यामागे बरंच काही गृहीत धरलेलं असतं. समोरचा माणूस अठरा वर्षं माणसांत वाढलेला आहे. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला तर पाठोपाठ पोरगं येणार, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. सायकल हातात धरून चालणारी बाई ही सायकलही नाही आणि नुसती पादचारीही नाही, पण ती रस्ता ओलांडते आहे, हे त्याला दिसतं.

यंत्राच्या बाबतीत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. आठचा आकडा तर ते पहिल्या दिवशी बिनचूक काढेल. मग त्याची परीक्षा घ्यायची कशी? गेली दहाएक वर्षं जगभरातले वाहन-नियामक याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

चालक असलाच पाहिजे

पहिली अडचण तंत्राची नव्हती, कायद्याची होती. १९६८ साली व्हिएन्नामध्ये रस्ता-वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आठव्या कलमात साधं वाक्य आहे: प्रत्येक चालत्या वाहनाला चालक असला पाहिजे. हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाड्या होत्या, आणि बैलगाड्या, घोडागाड्यासुद्धा. गाडीवान झोपला तरी बैल घरी पोचतात, हा अनुभव आपल्याकडेही आहे. पण कायद्याला जबाबदार माणूस हवा असतो. तेव्हा हे वाक्य अगदी रास्त होतं.

स्वयंचलित यंत्रणा आल्यावर मात्र हेच वाक्य आडवं आलं. मग करारात दुरुस्त्या झाल्या. २०१६ साली लागू झालेल्या दुरुस्तीने सांगितलं की चालकाला मदत करणारी यंत्रणा चालेल, पण ती आंतरराष्ट्रीय वाहन-नियमांत बसणारी हवी, किंवा चालकाला ती कधीही बाजूला सारता किंवा बंद करता आली पाहिजे. पुढे २०२२ साली आणखी एक कलम लागू झालं: देशाच्या कायद्यात सोय असेल आणि वाहन ठरलेल्या तांत्रिक नियमांत बसत असेल, तर चालक असण्याची अट स्वयंचलित यंत्रणेने पूर्ण झाली असं मानता येईल. म्हणजे दार उघडलं, पण कुलपाची किल्ली तांत्रिक नियमांच्या हाती गेली.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवूया, कारण जाहिरातींत तो मुद्दाम पुसट केला जातो. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पातळ्या सांगितल्या आहेत. दुसऱ्या पातळीपर्यंत गाडी स्टिअरिंग धरेल, ब्रेक लावेल, पण नजर तुमची आणि जबाबदारीही तुमची. तिसऱ्या पातळीपासून, ठरलेल्या परिस्थितीत, गाडी चालवते ती यंत्रणा; तुम्ही फक्त बोलावल्यावर ताबा घ्यायचा. चौथ्या पातळीला तुम्हाला बोलावण्याचीही गरज नाही, पण ठरलेल्या भागापुरती. पाचवी म्हणजे कुठेही, कधीही. आज आपल्याकडे ज्या गाड्या ‘अडास’ म्हणून विकल्या जातात, त्या फार तर दुसऱ्या पातळीच्या आहेत. तिथे झोप काढायची नाही. आजचं व्याख्यान आहे ते तिसऱ्या पातळीपासून पुढचं.

जिनिव्हातलं टेबल

आता हे तांत्रिक नियम कुठे बनतात ते बघू. घरी गेल्यावर आपल्या गाडीचा हेडलाइट किंवा हेल्मेटच्या आतलं लेबल बघा. बऱ्याच वेळा एका वर्तुळात ‘ई’ हे अक्षर आणि शेजारी एक आकडा दिसेल. ‘ई’ आणि १ म्हणजे जर्मनीने मान्यता दिली, ‘ई’ आणि ४ म्हणजे नेदरलँड्सने. हा शिक्का ज्या व्यवस्थेतून येतो, तिचं घर जिनिव्हात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली १९५२ साली वाहनांच्या बांधणीसाठी एक कार्यगट सुरू झाला. त्याचं दफ्तरी नाव डब्ल्यूपी.२९. पुढे २००० साली त्याला जागतिक मंचाचं रूप मिळालं, पण लोक अजून जुन्याच नावाने ओळखतात.

या मंचाखाली दोन मोठे करार चालतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. १९५८ चा करार म्हणतो की एका सदस्य देशाने नियमानुसार तपासून मान्यता दिली की बाकीच्यांनी, तो नियम पाळत असतील तर, पुन्हा तपासायचं नाही. याला टाइप अप्रूव्हल म्हणतात. विकण्याआधी सरकारी यंत्रणा नमुना तपासते, मग शिक्का. युरोप, जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया असे बरेच देश यात आहेत.

अमेरिकेला ही पद्धत मान्य नाही. तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमची गाडी सरकारी मानकांत बसते. सरकार नंतर बाजारातून गाडी उचलून तपासतं आणि खोट निघाली तर गाड्या परत बोलावायला लावतं. अशा देशांनाही सामावून घ्यायला १९९८ चा दुसरा करार झाला. त्यात फक्त तांत्रिक नियम एकत्र लिहायचा, मान्यता कशी द्यायची ते ज्याचं त्याने बघायचं. मात्र तिथे नियम सर्वसहमतीने होतो. एकाने हात वर केला तरी अडतो. अमेरिका, चीन, कॅनडा या करारात आहेत, आणि भारतही. आपण २००६ साली त्यात सामील झालो. १९५८ च्या करारात आपण नाही.

हे जरा कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं राजकारण याच्यावर उभं आहे. स्वयंचलित गाडीचा जागतिक नियम लिहायचा, तर तो आधी तपासणाऱ्यांनाही चालला पाहिजे आणि नंतर तपासणाऱ्यांनाही.

२०१८ साली या मंचाने स्वयंचलित आणि जोडलेल्या वाहनांसाठी वेगळा गट नेमला. त्याचं नाव जीआरव्हीए. पुढच्या वर्षी मंचाने एक चौकट मान्य केली. तिच्यातला मुख्य विचार आपल्या शब्दांत असा: स्वयंचलित वाहनामुळे असा अपघात होता कामा नये, ज्यात माणूस जखमी होईल किंवा दगावेल आणि जो वाजवीपणे आधी कल्पता आला असता व टाळता आला असता.

‘कल्पता आला असता’ आणि ‘टाळता आला असता’. या दोन शब्दप्रयोगांवर आपण पुन्हा येणार आहोत. तेव्हा ते बाजूला ठेवा.

पहिला नियम: गर्दीतली एक लेन

पहिला प्रत्यक्ष नियम जून २०२० मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २०२१ पासून लागू झाला. नियम क्रमांक १५७. त्याची व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली. गाडी एकाच लेनमध्ये राहील. वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत. रस्ता असा हवा की जिथे पादचारी आणि सायकलवाल्यांना मनाई आहे आणि समोरून येणाऱ्या वाहतुकीपासून वेगळा करणारा दुभाजक आहे. थोडक्यात, द्रुतगती मार्गावर वाहतूक तुंबली की स्टिअरिंग यंत्रणेकडे द्यायचं. जपानमध्ये होंडाने २०२१ च्या मार्चमध्ये अशी गाडी आणली, फक्त शंभर आणि त्याही भाडेकरारावर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीच्या वाहन प्राधिकरणाने मर्सिडीजच्या यंत्रणेला या नियमाखाली मान्यता दिली. २०२२ साली नियम बदलून वेगमर्यादा १३० पर्यंत नेली आणि लेन बदलायलाही वाट करून दिली.

या नियमाच्या पोटात शिरून दोन गोष्टी बघूया. कारण ‘सुरक्षित’ हा शब्द आकड्यांत कसा उतरवतात, ते इथे दिसतं.

एक म्हणजे ताबा परत देणं. यंत्रणेला वाटलं की आता आपल्या आवाक्याबाहेर जातंय, तर ती चालकाला हाक मारते. चालकाने प्रतिसाद दिला नाही तर? काही सेकंदांत इशारा तीव्र करायचा. तरीही माणूस जागा होत नसेल, तर गाडीने स्वतःच हळूहळू थांबायचं, धोक्याचे दिवे लावून. पण ही थांबण्याची क्रिया हाक मारल्यापासून किमान दहा सेकंदांनीच सुरू करायची. म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला परत रस्त्यात यायला निदान दहा सेकंद लागतील, असं नियमाने मानलं. हे पुरेसे आहेत का, यावर वाद आहे. पण आकडा लिहिला गेला की वाद नेमका कशावर घालायचा ते तरी कळतं.

दुसरी गोष्ट कट मारण्याची. शेजारच्या लेनमधली गाडी अचानक आपल्यापुढे घुसली. यंत्रणेने टक्कर टाळलीच पाहिजे, असं कधी म्हणायचं? दोन गाड्यांच्या वेगातला फरक घ्यायचा, त्याला बाराने भागायचं, आणि त्यात ०.३५ सेकंद मिळवायचे. हे बारा कुठून आले? गाडी दर सेकंदाला सहा मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करेल असं धरलंय. ब्रेकच्या गणितात त्याची दुप्पट येते. आणि ०.३५ हा यंत्राचा प्रतिक्रियेचा वेळ. समजा आपण पुढच्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटरने जास्त वेगात आहोत, म्हणजे सेकंदाला १० मीटर. दहाला बाराने भागलं की ०.८३. त्यात ०.३५. झाले साधारण १.१८ सेकंद. वेग असाच राहिला तर टक्कर व्हायला याहून जास्त वेळ उरलेला असेल, म्हणजे मधे बारा मीटरच्या आसपास किंवा जास्त जागा असेल, आणि घुसणारी गाडी थोडा वेळ आधीपासून दिसत असेल, तर टक्कर टाळलीच पाहिजे. त्याहून कमी अंतरावर कोणी घुसला तर टाळण्याची सक्ती नाही.

याच नियमाच्या परिशिष्टात सावध माणसाचंही एक चित्र आहे. धोका ओळखायला ०.४ सेकंद, त्यानंतर ब्रेक लागेपर्यंत ०.७५ सेकंद. ताशी ६० च्या वेगात एवढ्या अवधीत गाडी १९ मीटर पुढे गेलेली असते. अशा सावध आणि सक्षम माणसाला जे टाळता आलं असतं, ते यंत्राला टाळता आलंच पाहिजे, अशी ही कसोटी. ‘टाळता आला असता’ याचा अर्थ इथे एका सूत्रात बांधला गेला आहे.

किलोमीटर मोजून का भागत नाही

आता पुष्कळ जण म्हणतील, एवढं कशाला? गाड्या भरपूर पळवा, अपघात मोजा, माणसांपेक्षा कमी झाले की द्या परवाना. हे गणित अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०१६ साली करून दाखवलं. अमेरिकेत तेव्हा सुमारे १० कोटी मैलांमागे एक माणूस रस्ता-अपघातात जात होता. यंत्र निदान तेवढं तरी चांगलं आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल, तर २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर, एकही मृत्यू न होता चालवायला हवेत. शंभर गाड्या, चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस ताशी २५ मैलांनी पळवल्या तर साडेबारा वर्षं. आणि त्या काळात सॉफ्टवेअर किती वेळा बदलेल? जे तपासलं ते आणि जे रस्त्यावर आहे ते एकच राहणार नाही.

बरं, मग चाचणी-मार्गावर ठरावीक परीक्षा घ्या. इथे २०१५ सालचं फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. गाडीच्या सॉफ्टवेअरला कळत होतं की आता परीक्षा चालू आहे. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ, बाहेर रस्त्यावर गेलं की पुन्हा तसाच. प्रश्नपत्रिका आधी ठाऊक असेल तर यंत्रसुद्धा गाइड पाठ करून पास होतं, आणि त्यासाठी लबाडीच करावी लागते असं नाही. त्याच दहा प्रसंगांवर घासूनपुसून तयार केलेलं यंत्र अकराव्या प्रसंगात गडबडू शकतं.

म्हणून जिनिव्हात ठरलं की एकच परीक्षा नको, अनेक खांब उभे करू. प्रसंगांची यादी करायची. त्यातले हजारो प्रसंग संगणकावरच्या आभासी रस्त्यावर तपासायचे. निवडक प्रसंग चाचणी-मार्गावर खरे घडवून बघायचे. मग खऱ्या रस्त्यावर चाचणी. कंपनीच्या कारभाराचं परीक्षण करायचं. आणि गाडी विकल्यानंतरही तिच्यावर लक्ष ठेवायचं.

शेवटचे दोन खांब का लागतात, ते दोन अपघातांवरून कळतं.

१८ मार्च २०१८. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं टेंपी शहर. रात्रीची वेळ. उबरची चाचणी-गाडी, चालकाच्या जागेवर देखरेखीला माणूस. एक स्त्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. गाडीने धडक दिली, ती दगावली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल वाचण्यासारखा आहे. गाडीला ती आधी दिसलीच नाही असं नाही, धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा ठरवू शकेना: हे वाहन आहे, सायकल आहे, की भलतंच काही? दर वेळी मत बदललं की आधीचा मागोवा पुसला जायचा, त्यामुळे ‘ही व्यक्ती रस्ता ओलांडतेय’ हे कधी जुळलंच नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल, हा विचार रचनेत नव्हता. गाडीची मूळची आपत्कालीन ब्रेक-यंत्रणा स्वयंचलित चालीत बंद ठेवलेली होती. देखरेख करणारी व्यक्ती फोनवर कार्यक्रम बघत होती. आणि मंडळाने कंपनीच्या सुरक्षा-संस्कृतीवरही बोट ठेवलं.

यातली किती कारणं चाचणी-मार्गावर सापडली असती? एखाददुसरं. बाकीची सापडतात ती कंपनीत जाऊन ‘तुमच्याकडे सुरक्षेचे निर्णय कोण घेतं, कशावरून घेतं, कागद दाखवा’ असं विचारल्यावर. म्हणून कारभाराचं परीक्षण.

दुसरा अपघात २ ऑक्टोबर २०२३ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका स्त्रीला उडवलं आणि ती क्रूझ कंपनीच्या चालकाविना टॅक्सीपुढे पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, पण धडक बसली. इथवर ‘टाळता आला नसता’ असं कोणी म्हणेल. त्यानंतर टॅक्सी नियमाप्रमाणे रस्त्याच्या कडेला जायला निघाली, आणि खाली अडकलेल्या त्या स्त्रीला तिने सुमारे २० फूट फरफटत नेलं. अपघातानंतर बाजूला व्हावं, हे एरवी शहाणपणाचं. गाडीखाली माणूस आहे, हे मात्र यंत्राला ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने त्याच महिन्यात कंपनीचे परवाने थांबवले. कंपनीने माहिती नीट उघड केली नाही, हाही एक आक्षेप होता. पुढच्या वर्षअखेर जनरल मोटर्सने ही टॅक्सी-सेवा गुंडाळली.

असा प्रसंग कोणाच्या यादीत आधी असता? फार अवघड. म्हणूनच यादी कधीच पूर्ण नसते असं मानून, रस्त्यावर घडलेलं सगळं प्रामाणिकपणे कळवायचं, आणि एका गाडीच्या चुकीतून बाकी सगळ्यांनी शिकायचं, ही सक्ती नियमातच हवी. नुसता कंपनीच्या भल्या मनावर तो भार टाकता येत नाही.

नवा जागतिक नियम काय मागतो

या सगळ्या विचारांतून २०२४ साली मंचाने स्वयंचलित यंत्रणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि त्यांच्या आधारे जागतिक नियमाचा मसुदा हाती घेतला. जून २०२६ हे उद्दिष्ट ठेवलं गेलं. मसुदे दोन, जवळजवळ जुळे: एक १९५८ च्या करारासाठी, एक १९९८ च्या. मजकूर शक्य तेवढा सारखा, फक्त मान्यतेचा भाग वेगळा.

याचं मर्म एका गोष्टीत आहे. कंपनीने ‘सुरक्षेची बाजू’ मांडायची. वकील कोर्टात बाजू मांडतो, तशी. आमची गाडी या या रस्त्यांवर, या हवामानात, या वेगापर्यंत चालेल. त्यात असे असे धोके आहेत. प्रत्येकावर आम्ही असा उपाय केला. आणि हा घ्या पुरावा. नियामकाने उलटतपासणी करायची. आधीचे वाहन-नियम ‘ब्रेक इतक्या मीटरमध्ये लागला पाहिजे’ असे असत. टेप घेऊन मोजलं की झालं. आता नियामकाला युक्तिवाद तपासता आला पाहिजे. त्यासाठी सॉफ्टवेअर कळणारी, संख्याशास्त्र कळणारी, कंपनीच्या दबावाला न बधणारी माणसं सरकारात लागतात. जगात अशी माणसं थोडी आहेत, आणि त्यांतली बरीचशी कंपन्यांत आहेत.

वाजवी कल्पना कोणाची?

आता ते बाजूला ठेवलेले शब्द परत घेऊ. ‘वाजवीपणे कल्पता येणारा’ प्रसंग. पण कल्पना कोण करतंय, कुठे बसून?

जर्मन महामार्गावर काम करणाऱ्या अभियंत्याला समोरून चुकीच्या दिशेने येणारी गाडी हा विरळा प्रसंग वाटेल. आपल्याकडे उड्डाणपुलाचा वळसा वाचवायला राँग साइडने येणारी दुचाकी रोज दिसते. दुभाजकाच्या फटीतून उतरणारं कुटुंब, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, लेनचा पट्टाच नसलेला रस्ता, आषाढात रस्त्याने चाललेली पालखी. यातलं काय ‘कल्पता येणारं’ आहे? आपल्या दृष्टीने सगळंच. प्रसंगांच्या यादीत ते नसेल, तर नियमाच्या दृष्टीने मात्र तो अपघात ‘अकल्पित’ ठरेल आणि यंत्र निर्दोष.

मंडळी, हा शब्दच्छल नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पादचारी. जगभरात वर्षाला सुमारे ११.९ लाख मृत्यू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सुरक्षेचा प्रश्न मुख्यतः गाडीच्या बाहेर असलेल्या माणसांचा आहे. नियम लिहिणारे देश मात्र बहुतांशी गाडीच्या आत बसणाऱ्यांचे आहेत.

मग आपण काय करू शकतो? आपल्या हातात काहीच नाही असं नाही. १९९८ च्या करारामुळे त्या टेबलावर आपली खुर्ची आहे, आणि सर्वसहमतीच्या पद्धतीत तिला वजन आहे. आपल्याकडे वाहनांची तपासणी करून मान्यता द्यायची पद्धत आहेच. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून या क्षेत्रात आहे आणि आपली वाहन-मानकं ठरवण्यात तिचा मोठा वाटा आहे. आणि अपघातांची नोंद एका जागी करणारी संगणकीय व्यवस्था २०२१ पासून आली, सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने, हयगयीने’ एवढंच लिहिलं तर त्यातून प्रसंगांची यादी बनत नाही. कोण कुठून आला, किती अंतरावर दिसला, रस्त्यावर उजेड होता का, हे लिहिलं तर बनते. जिनिव्हातल्या टेबलावर मांडायला आपल्याकडे सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते हेच आहे. आणि ते एखाद्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, रात्री दोन वाजता लिहिलं जातं.

श्रोत्यांचे प्रश्न

*गाडी यंत्र चालवत असताना अपघात झाला तर तुरुंगात कोण जाणार?*

जिनिव्हातले नियम यावर बोलत नाहीत. ते वाहनाबद्दल आहेत. गुन्हा आणि भरपाई ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. टेंपीच्या प्रकरणात खटला चालला तो गाडीत बसलेल्या व्यक्तीवर, आणि तिला २०२३ साली देखरेखीखालच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात वेगळा मार्ग घेतला. मान्यताप्राप्त यंत्रणा चालवत असताना गाडी ज्या पद्धतीने चालली त्याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही, जबाबदारी यंत्रणेमागच्या संस्थेकडे. त्याच कायद्यात कसोटी आहे ‘सावध आणि सक्षम माणूस-चालक’. सरासरी चालक नव्हे, हे लक्षात घ्या. सरासरीत दारू प्यायलेलाही येतो. मात्र हे सगळं ठरवायला त्या क्षणी कोण चालवत होतं ते कळायला हवं. म्हणून नियम १५७ ने गाडीत नोंदवही सक्तीची केली: यंत्रणा कधी सुरू झाली, कधी हाक मारली, माणसाने ताबा कधी घेतला. विमानातल्या ब्लॅक बॉक्सची धाकटी बहीण म्हणा.

*कोणी दुरून गाडीत घुसखोरी केली तर?*

यासाठी वेगळे दोन नियम आहेत, १५५ आणि १५६. पहिला सायबर सुरक्षेचा, दुसरा सॉफ्टवेअर बदलण्याचा. दोन्ही २०२० सालीच मंजूर झाले. दोन्हींत एक कल्पना समान आहे: नुसती गाडी तपासून उपयोग नाही, कंपनीकडे हे सांभाळण्याची कायमची व्यवस्था आहे का ते तपासा. कारण रात्रीत सॉफ्टवेअर बदललं तर सकाळी दारात उभी असलेली गाडी कालची राहिलेली नसते.

*आपल्याकडे चालकांच्या नोकऱ्यांचं काय? मग हे हवंच कशाला?*

केंद्रीय वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ पासून अनेकदा जाहीरपणे हीच भूमिका मांडली आहे, की चालकांचा रोजगार जाणार असेल तर अशा गाड्या इथे नकोत. तो धोरणाचा प्रश्न आहे आणि तो लोकशाहीत चर्चेनेच सुटला पाहिजे. आम्ही एवढंच म्हणू की गाड्या न आणण्याचा निर्णय घेतला तरी नियमांकडे पाठ फिरवून चालणार नाही. यंत्रणेचे तुकडे आधीच येत आहेत. स्वतःहून लागणारा ब्रेक, लेन धरून ठेवणारं स्टिअरिंग. तो ब्रेक कट मारणाऱ्या रिक्षाला बघून लागतो का, आणि अवेळी लागला तर मागच्या दुचाकीस्वाराचं काय होतं, हे प्रश्न आजचेच आहेत. आणि परदेशात मान्य झालेला नियम उद्या आपल्याकडे जसाच्या तसा उचलला जाण्याची शक्यता असतेच. तेव्हा तो लिहिला जात असताना बोललेलं बरं.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी रस्त्यावर कोणी समोर घुसलं, तर शिव्या घालण्याआधी मधे अंतर किती उरलं होतं त्याचा अंदाज घ्या. अर्थात, गाडी तुम्ही चालवत नसाल तरच. मग घरी येऊन बाराने भागून बघा.